काट मारण्यापूर्वी



आजचा विषय शाळेच्या बीजगणितातला आहे. आठवीच्या पुस्तकात गुणोत्तरीय बैजिक राशींचा एक छोटासा भाग येतो. वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी, मध्ये आडवी रेघ. सूचना एवढीच असते की सोपे रूप द्या. मुले अवयव पाडतात, वर-खाली सारखे दिसेल ते काटतात, उरेल ते उत्तर म्हणून लिहितात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. या काटाकाटीत एक गोष्ट हातातून निसटते. ती नेमकी कोणती, हे नीट सांगता यायला गणिताला सुमारे बाराशे वर्षे लागली. म्हणून आठवीच्या मुलाकडून ती निसटली तर त्याला रागावू नये, पण ती निसटली आहे हे त्याच्या लक्षात मात्र आणून द्यावे.

एक उदाहरण घेऊ. अंशात क्ष² − ९ आहे आणि छेदात क्ष² − ५क्ष + ६. अवयव पाडले की वर (क्ष − ३)(क्ष + ३) आणि खाली (क्ष − २)(क्ष − ३). क्ष − ३ दोन्हीकडे आहे, तो काटला. उरले (क्ष + ३)/(क्ष − २). परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात.

आता मूळ राशीत क्ष = ३ ठेवा. वर शून्य, खाली शून्य. हा भागाकार करताच येत नाही. उरलेल्या राशीत क्ष = ३ ठेवा. वर सहा, खाली एक, उत्तर ६. म्हणजे जिथे पहिल्या राशीला काहीच किंमत नव्हती तिथे दुसरीला किंमत आहे. मग या दोन राशी समान आहेत असे आपण मध्ये बरोबरचे चिन्ह टाकून कशाच्या आधारावर लिहिले? आधार एकच आहे. क्ष − ३ ने वर आणि खाली भागताना तो शून्य नाही असे आपण मनातल्या मनात धरले होते. ते मनातले कागदावर यायला हवे: क्ष ची किंमत ३ नसावी. ही अट लिहिली तर बरोबरचे चिन्ह खरे ठरते, नाही लिहिली तर ते खोटे आहे.

अट आणखी एक आहे, क्ष = २ ची. ती उत्तरातही डोळ्यांना दिसते, कारण क्ष − २ अजून खाली बसलेला आहे. या दोन अटी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आणि मला वाटते सगळ्या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग हाच. कॅल्क्युलेटर घेऊन दोन्हींच्या जवळ जाऊन पाहावे. क्ष = २.१ ठेवला तर उत्तर ५१ येते. २.०१ ठेवला तर ५०१. दोनच्या पलीकडून, म्हणजे १.९९ घेऊन आलात तर उत्तर थेट −४९९. दोनच्या आसपास ही राशी एका बाजूने आभाळात जाते आणि दुसऱ्या बाजूने पाताळात. तीनपाशी असे काही घडत नाही. २.९९ ला ६.०५ च्या आसपास, ३.०१ ला ५.९५, ३.००१ ला ५.९९५. सगळे शांतपणे सहाकडे चालले आहे. आलेख काढला तर दोनपाशी तो दुभंगतो, तीनपाशी मात्र अखंड दिसतो आणि त्यातला फक्त एक बिंदू नसतो. शून्याइतक्या रुंदीचे ते भोक पेन्सिलीने दाखवता येत नाही, म्हणून आपण तिथे एक पोकळ वर्तुळ काढतो. जी अट काटल्यावर दिसेनाशी होते, तिचे हे वर्तुळ.

खेड्यातल्या श्रोत्यांना सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून हे पटकन कळेल. जमिनीवर बोजा असेल तर ती दुसऱ्याच्या नावावर झाली म्हणून बोजा उतरत नाही. इतर हक्काच्या रकान्यात तो राहतोच. घेणाऱ्याने रकाना पाहिला नाही तर तो त्याचा दोष. सोपे रूप हे राशीचे हस्तांतरण आहे आणि मूळ छेदाने घातलेली अट हा त्यावरचा बोजा.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आमच्या वर्गाला हे एका सवयीने शिकवले. गणित लिहून झाले की ते फळ्याच्या उजव्या कडेला खडूने एक उभी रेघ ओढत. रेघेच्या पलीकडे आधी छेदाचे अवयव, प्रत्येक अवयवासमोर त्याला शून्य करणारी किंमत, आणि त्या किमतीवर काट. मग डावीकडे सोडवायला सुरुवात. डावीकडचे गणित पुसले जाई, पुन्हा लिहिले जाई, पण उजवीकडचे तास संपेपर्यंत कोणी पुसायचे नाही असा दंडक होता. अटी आधी लिहायच्या आणि काट नंतर मारायची, हा क्रम त्यांना फार महत्त्वाचा वाटे. आज मलाही तो तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण काटल्यानंतर अटी शोधायला गेलेला विद्यार्थी उरलेल्या छेदाकडे पाहतो आणि अर्धवट उत्तर देतो.

भागाकाराच्या गणितात तर हा धोका आणखी वाढतो. (क्ष² − १)/(क्ष + ४) या राशीला (क्ष − १)/(क्ष − ५) ने भागायचे आहे असे समजा. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे. काटाकाट झाली की उत्तर येते (क्ष + १)(क्ष − ५)/(क्ष + ४). हे उत्तर पाहून कोणीही म्हणेल की क्ष फक्त −४ नसावा. प्रत्यक्षात अटी तीन आहेत. −४ पहिल्या छेदामुळे. ५ दुसऱ्या छेदामुळे, आणि उलटा केल्यावर हा छेद अंशात जाऊन बसला आहे, त्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिसरी अट १ ची. तिथे दुसरा अपूर्णांकच शून्य होतो आणि आपण शून्याने भागू लागतो. उत्तरात क्ष = ५ ठेवले तर शून्य येते, क्ष = १ ठेवले तर −८/५. दोन्ही अगदी साळसूद संख्या आहेत. पण मूळ प्रश्नाला त्या दोन्ही ठिकाणी उत्तर नाही.

समीकरणात तीच चूक उलट्या बाजूने येते. क्ष/(क्ष − ३) = २ + ३/(क्ष − ३). दोन्ही बाजूंना क्ष − ३ ने गुणा. क्ष = २क्ष − ६ + ३, म्हणून क्ष = ३. आकडेमोड चोख आहे. आणि तरीही या समीकरणाला एकही उकल नाही, कारण तीन ही किंमत छेदाने पहिल्या ओळीतच नाकारली होती. ज्याने ती आधी लिहून ठेवली, त्याला शेवटी हसत हसत ‘उकल नाही’ लिहिता येते. ज्याने लिहिली नाही, तो तीनवर चौकट काढून मोकळा होतो.

काटण्याचा आणखी एक दोष आहे. (क्ष + ३)/(क्ष + ५) मधला क्ष वर-खाली उडवून ३/५ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात. क्ष = १ ठेवून पाहिले की ४/६ येते, म्हणजे २/३, आणि तो ३/५ नव्हे. काट अवयवांना मारायची, पदांना नाही. यावर याहून जास्त बोलण्याची गरज नाही.

आता इतिहासाकडे वळू. शून्याने भागण्याबद्दल पहिल्यांदा नियम लिहून ठेवण्याचे धाडस ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात केले. ऋण आणि धन संख्यांचे आणि शून्याचे बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम त्याने जे दिले ते आजही तसेच शिकवले जातात. भागाकारापाशी मात्र त्याने शून्याला शून्याने भागले तर शून्य येते असे म्हटले. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्याने गणितसारसंग्रह लिहिला. त्यात त्याने म्हटले की शून्याने भागलेली संख्या बदलत नाही. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण प्रश्न टाळला नाही हे त्यांचे मोठेपण आहे. ज्या संस्कृतींनी शून्याला संख्याच मानले नाही, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभाच राहिला नव्हता.

मग येतो आपल्या सह्याद्रीच्या कुशीतला भास्कराचार्य. जन्म १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये त्याने सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळ पाटणच्या देवीच्या परिसरात सापडलेला शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात भास्कराचार्याच्या घराण्याची वंशावळ आहे, आणि त्याच्या नातवाने, यादव राजा सिंघणाच्या ज्योतिषी चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून १२०७ मध्ये मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्या मठाला दिलेल्या देणग्यांचा तपशील लेखाच्या शेवटी तेव्हाच्या मराठीत कोरलेला आहे. एका गणितज्ञाची पुस्तके शिकवण्यासाठी बाजारातल्या व्यवहारांवरचा कर देण्यात आला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने अनेक लढायांच्या वर्णनापेक्षा मोलाची आहे.

भास्कराचार्याने शून्य छेद असलेल्या राशीला खहर म्हटले आणि ती अनंत मानली. तिच्यात काही मिळवा किंवा तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही. त्यासाठी त्याने प्रलयाच्या आणि सृष्टीच्या वेळी जीव विष्णूत विलीन होतात आणि त्यातून बाहेर पडतात, तरी तो जसाच्या तसा राहतो, असा दाखला दिला. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो आणि भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगितला जातो. माझ्या मते त्याहून खोल विचार लीलावतीतल्या एका छोट्या उदाहरणात आहे, आणि त्याकडे फार कमी लोक थांबून पाहतात.

उदाहरण असे. एक संख्या शून्याने गुणली, तिच्यात तिचेच अर्ध मिळवले, आलेल्याला तीनने गुणले आणि शून्याने भागले. उत्तर ६३ आले. तर ती संख्या कोणती? भास्कराचार्याचे उत्तर १४ आहे. चौदा आणि त्याचे अर्ध सात मिळून एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. गुणणारे शून्य आणि भागणारे शून्य त्याने एकमेकांसमोर ठेवून काटले. आजच्या परीक्षकाने यावर तांबडी रेघ मारली असती, आणि जसे लिहिले आहे तसे वाचले तर ती मारायलाच हवी. कारण संख्या शून्याने गुणली की शून्य होते, आणि मग १४ काय नि १०० काय, सगळ्यांचे सारखेच.

पण भास्कराचार्याने उदाहरणाआधी दिलेला नियम पाहा. शून्याने गुणल्यावर पुढे अजून क्रिया बाकी असतील, तर लगेच शून्य लिहून टाकू नका, ती राशी शून्यगुणित म्हणून तशीच धरून ठेवा. पुढे शून्यानेच भागायचे आले तर ती मूळचीच राहते. म्हणजे ते शून्य त्याच्या लेखी संपलेले शून्य नाही, ते हिशेबात अजून जागे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर त्या शून्याच्या जागी च घ्या. च शून्य नाही तोवर क्ष ला च ने गुणून च ने भागणे बिनधोक आहे. च कितीही लहान करा, उत्तर चौदाच राहते. भास्कराचार्य हे गणित ग्रहगणितात फार उपयोगी आहे असेही सांगून ठेवतो. हे वाक्य सहज लिहिलेले नाही. सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढताना त्याने ज्येतला (साइनमधला) क्षणिक बदल कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो हे वापरले आहे. क्षणाची गती काढायची म्हणजे नाहीसे होत चाललेले अंतर नाहीशा होत चाललेल्या काळाने भागायचे. वर शून्य, खाली शून्य, आणि तरी मधून एक ठोस संख्या बाहेर पडते. आपल्या पहिल्या उदाहरणात तीनपाशी सहा बाहेर पडले तसेच. भास्कराचार्याला ही जागा दिसली होती असे मी मानतो. ती अटीसह लिहून दाखवण्याची भाषा त्याच्याजवळ नव्हती.

ती भाषा युरोपातही सहजी आली नाही. न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलनशास्त्र उभे केले ते याच काटेवर. क्ष² किती वेगाने वाढतो हे काढायचे तर क्ष मध्ये थोडेसे, समजा च, मिळवायचे. (क्ष + च)² मधून क्ष² वजा करून च ने भागायचे. वर २क्षच + च² राहते, च काटला की २क्ष + च. आता च शून्य करा, उत्तर २क्ष. १७३४ मध्ये आयर्लंडमधले बिशप जॉर्ज बर्कली यांनी ‘द अ‍ॅनालिस्ट’ या पुस्तकात यावर बोट ठेवले. च ने भागताना तो शून्य नाही असे म्हणता, आणि पुढच्याच ओळीत तो शून्य आहे असे म्हणता, मग पहिल्या गृहीतावर मिळवलेले उत्तर दुसऱ्या गृहीतानंतर हातात ठेवता कसे? धर्मोपदेशकाने गणितज्ञांना तर्कशास्त्र शिकवावे हे अनेकांना रुचले नाही. पण त्यांचा आक्षेप अचूक होता. तो आपल्या आठवीच्या मुलावरचाच आक्षेप आहे: काटताना घातलेली अट तू नंतर विसरलास.

उत्तर द्यायला पुढची जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमधल्या आपल्या पाठ्यपुस्तकात ओग्युस्तँ कोशी यांनी सीमेची कल्पना पायाशी घातली, आणि नंतर जर्मनीत वायरश्ट्रास यांनी तिला आजचे काटेकोर रूप दिले. त्यांचे म्हणणे असे की च ला शून्य करायचेच नाही. च शून्य नाही ही अट शेवटपर्यंत पाळायची. भागाकाराची राशी आणि २क्ष + च या दोन्ही च = ० सोडून सर्वत्र एकच आहेत. आपल्याला विचारायचे आहे ते इतकेच की च शून्याच्या जवळ जाताना किंमत कुठे चालली आहे. जवळच्या किमती दोघींच्या सारख्या, म्हणून मुक्कामही सारखा. पोकळ वर्तुळावर पाय न ठेवता त्याची जागा सांगता येते. बर्कलींचा विरोधाभास अट मोडून सुटला नाही, ती अट अधिक कडकपणे पाळल्यामुळे सुटला. हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत सुंदर वळण वाटते.

यंत्रांच्या युगात ही अट कोणी माफ केली आहे असे समजू नये. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेची यूएसएस यॉर्कटाउन ही युद्धनौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ काही तास बंद पडली होती. संगणकाच्या माहितीत कोणीतरी शून्य भरले, आज्ञावलीने त्या शून्याने भागायचा प्रयत्न केला, आणि नौका चालवणारी संगणक यंत्रणाच कोलमडली. छेद तपासणारी एक ओळ तिथे हवी होती. संगणकातल्या अपूर्णांकी आकडेमोडीसाठी १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकात तर गंमत आहे. त्यात शून्येतर संख्येला शून्याने भागले की अनंत येते, चिन्हासह, आणि शून्याला शून्याने भागले की ‘ही संख्या नव्हे’ अशी खूण येते. म्हणजे आपल्या उदाहरणातला दोन आणि तीन यांच्या स्वभावातला फरक यंत्रालाही वेगळा नोंदवावा लागला. त्यातली अनंताची नोंद पाहिली की मला खहर राशीची आठवण येते.

आता शाळेबद्दल एक स्पष्ट मागणी मांडतो. आपल्याकडे असल्या गणितांच्या आधी ‘सर्व छेद शून्येतर आहेत असे माना’ असे छापण्याची पद्धत आहे. हे वाक्य गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि शिकवण्याच्या दृष्टीने घातक. जे शोधायचे ते आधीच मानून टाकले तर मुलाच्या हाती फक्त काट मारण्याचे काम उरते. ते वाक्य काढावे आणि अटींना स्वतंत्र गुण ठेवावेत. शिक्षकांना मी आणखी एक प्रकार सुचवतो, तो म्हणजे उलटा प्रश्न. अशी राशी तयार करा, जिचे सोपे रूप क्ष + १ असेल आणि क्ष ला ४ व −२ या किमती चालणार नाहीत. मुले (क्ष + १)(क्ष − ४)(क्ष + २) हा अंश आणि (क्ष − ४)(क्ष + २) हा छेद अशी राशी बनवतात. कोणी (क्ष − ४) चा वर्ग घेते, तेही बरोबर. उत्तरे अगणित आहेत, आणि प्रत्येकाच्या वहीतले वेगळे असल्यामुळे शेजारच्या वहीतून उतरवून भागत नाही. तपासायला शिक्षकाला दुप्पट वेळ लागतो, तो द्यावा.

एकदा एका मुलीने मला विचारले की छेदात क्ष² + १ ठेवला तर काय होईल. अंश (क्ष + १)(क्ष² + १) आणि छेद क्ष² + १. सोपे रूप पुन्हा क्ष + १. आठवीतल्या संख्यांपैकी कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण होत नाही, म्हणून हा छेद कधीच शून्य होत नाही आणि अट लिहायचीच नाही. बिनशर्त काट मारता येते अशी ही राशी आहे. तिला मी सांगितले की हे उत्तर आज बरोबर आहे, पण अकरावीत संमिश्र संख्या आल्या की −१ ला वर्गमूळ मिळते, त्याच छेदाला शून्य करणाऱ्या दोन किमती निघतात, √−१ आणि −√−१, आणि त्याच राशीला दोन अटी लागतात. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: मग अट लिहिताना आपण कोणत्या संख्यांमध्ये बोलतो आहोत, हे आधी लिहायला नको का? लिहायला हवे. माझ्या पाहण्यात तरी शालेय प्रश्नपत्रिकांत ते लिहिलेले नसते.